ओळखणारे दोघे

लाँड्रीत चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. हॉटेलची भली मोठी चादर, इस्त्रीच्या रुळांतून गरमागरम बाहेर येते. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, एक झटका द्यायचा, पुढे यायचं, कोपऱ्याला कोपरा भिडवायचा आणि पुन्हा मागे सरायचं. या कामात गप्पा आपोआप होतात. कुणाची सासू काय बोलली, कुणाच्या भावाने कुणाशी सूत जमवलं, सगळ्या बातम्या चादरीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जातात. मीटरवाल्याची बायको या कामात पटाईत होती. पण नवऱ्याला पकडून नेलं आणि तिच्या चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी येईना. भांडण नाही, टोमणा नाही. जिला हाक मारावी तिला नेमकं तेव्हाच दुसरं काम आठवे. शेवटी मुकादमाने तिला उशांच्या अभ्र्यांवर बसवलं. अभ्र्याची घडी एकटीला जमते.

मीटरवाला हा पाणीखात्यातला मीटर वाचणारा. गल्लीतल्या प्रत्येक घरात महिन्यातून एकदा त्याची फेरी व्हायची. नाकासमोर चालणारा माणूस, पण तोंडाचा फटकळ. गल्लीतली मुलं एकामागून एक आजारी पडू लागली तेव्हा त्याने भर सभेत माइक हातात घेतला आणि पाणी खराब आहे, खात्याला ते ठाऊक आहे आणि खातं ते लपवतंय, असं सांगून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. सार्वजनिक शांतता बिघडवल्याचा आरोप, खटला नाही, तारीख नाही. असं करता करता तीन वर्षं झाली.

आणि त्या दिवसापासून गल्लीने त्याच्या घराची ओळख सोडली.

वाचकहो, असा हुकूम कुणी काढला नव्हता. कैद्याच्या घरच्यांशी बोलू नये, असं कोणत्याही कायद्यात नाही. ही रीत आपणच पाडली आणि आपणच पाळतो. ज्याला नेलं त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्या आईची तब्येत विचारायची नाही. त्याची बायको जिन्यात समोर आली तर किल्ल्या शोधायला लागायचं. कुणी वाईट वागत नाही, फक्त आपण बरं की आपलं काम बरं, असं म्हणून प्रत्येक जण डोळ्यांवर कातडं ओढून घेतो. सरकार माणसाला एका कोठडीत ठेवतं. त्याच्या घरच्यांसाठी दुसरी कोठडी आपण बांधतो, आणि तिला कुलूपही लागत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ती लाँड्रीतून परतली तर सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून, कॉटवर ताठ बसलेल्या. पायांत चपलासुद्धा.

"आई, हे काय? डॉक्टरांनी उठायचं नाही सांगितलंय ना!"

"डॉक्टरला काय कळतंय. चल लवकर, उशीर होईल."

"कुठे?"

"तुरुंगात."

आईंचं हृदय थकलं होतं. आता महिने नव्हे, आठवडे मोजायचे, असं डॉक्टरांनी तिला बाहेर नेऊन सांगितलं होतं. आता डोकंही गेलं की काय! पण आईंचं डोकं ठिकाणावर होतं. दुपारी एक मुलगी दार वाजवून गेली होती. कुणीतरी दार वाजवलं याचंच आईंना इतकं अप्रूप की त्यांनी तिला बसवून पाणी पाजलं. मुलगी परगावची, तिला गल्लीची रीत कुठून माहीत असणार? कोपऱ्यावरच्या सभागृहात एक नवीन तऱ्हेचा सिनेमा लागला होता. डोळ्यांवर मोठा चष्मा चढवायचा, कानांवर हेडफोन, की आपण थेट तुरुंगाच्या कोठडीत. मान वळवाल तिकडे भिंत. समोर कैदी बसलेला. राजकीय कैद्यांचं जिणं लोकांना कळावं म्हणून केलेला व्हीआर सिनेमा. आईंनी एवढंच विचारलं होतं, "म्हणजे तुरुंगात नेता?" आणि मुलगी आपल्या कामाच्या कौतुकात म्हणून गेली होती, "हो आजी, थेट आत!"

"आई, तो सिनेमा आहे. खोटं असतं ते."

"तुझं आपलं काहीतरीच. ती पोर सांगून गेली ना, आत नेतात म्हणून. फुकट आहे म्हणाली." त्यांनी चष्मा पुसला. मोतीबिंदूने त्यांना सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसे. "तुला नसेल यायचं तर मी भिंत धरत धरत जाते."

तिने तेव्हाच बसून नीट समजावायला हवं होतं. पण तिच्या मनात दुसरंच चालू होतं. पहाऱ्यात का होईना, मुलाला घरी आणून आईंना त्याची चार तासांची भेट मिळू शकत होती. अर्ज पुढे सरकला होता. अट एकच राहिली होती: गल्लीत राहणारे, रक्ताच्या नात्याचे नसलेले दोघे जण परवानगीच्या खिडकीशी यायला हवे आणि त्यांनी तोंडाने सांगायला हवं, 'मी याला ओळखतो.' बस्स. पैसे नाहीत, जामीन नाही. ते तीन शब्द बोलणारे दोघे तिला मिळत नव्हते. सभागृहात सगळी गल्ली येणार. तुरुंग बघून कुणाचं तरी मन पाघळेल, तेव्हाच गाठावं, असा हिशोब तिने केला आणि आईंचा हात धरला.

सभागृहाच्या दाराशी हार, रिबन आणि सत्तेवरच्या साहेबांचे फोटो होते. हो, साहेबांचे! कारण सिनेमा आताच्या तुरुंगांचा नव्हताच मुळी. पन्नास वर्षांपूर्वीच्या, उलथून पडलेल्या राजवटीतल्या कैद्यांचा होता. मेलेल्या राजाच्या जुलमावर रडायला कुणाची ना नसते. उलट आताच्यांनीच सभागृह फुकट दिलं होतं, वर चहा-बिस्किटंही.

गोल फिरणाऱ्या स्टुलांवर गल्ली बसली होती. वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, अर्ध्या गल्लीला त्यांनी पाढे शिकवलेले, म्हणून सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. औषधवाले काका होते. त्या मुलीने आईंच्या डोक्यावर चष्मा बसवला, पट्टा सैल केला. डोळ्यांच्या इतक्या जवळ इतका उजेड, आईंना बऱ्याच दिवसांनी काहीतरी लख्ख दिसलं. त्यांचा हात पुढे आला आणि हवेत थांबला.

सिनेमात कैदी पाठमोरा बसलेला असतो. पावलांचा आवाज येतो, तो वळतो, नजर आपल्याकडे लावतो आणि विचारतो, "कोण आहे तिथे?"

"मी आहे रे," आई सभागृहात मोठ्याने म्हणाल्या. "मी आलेय. तुझी आई."

हेडफोनमुळे बाकीच्यांना काहीच ऐकू गेलं नाही. ऐकलं फक्त सुनेने आणि त्या मुलीने. मुलगी पुढे सरकली, पण सुनेने तिचा हात धरला. आई बोलत होत्या. किती वाळलास, दाढी का वाढवलीस, इथे पांघरूण देतात का. बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की ते पुसून टाकण्याची ताकद तिच्यात नव्हती. असू दे आजच्या दिवस, असं तिने स्वतःला समजावलं.

चष्मे उतरले तेव्हा सभागृहात डोळे पुसण्याचीच घाई होती. बाईंना तर हुंदका आवरेना. "काय सोसलं गं लोकांनी," त्या शेजारणीला म्हणत होत्या. "आणि शेजारीपाजारी मूग गिळून बसले. त्यांना झोप तरी कशी लागली असेल?"

हीच वेळ, असं तिला वाटलं. पण तेवढ्यात बाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी पर्समध्ये किल्ल्या शोधायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाईंना जिन्यातच अडवलं. "बाई, दोन मिनिटं. त्यांची भेट मंजूर होतेय. फक्त येऊन म्हणायचंय की ओळखते म्हणून. तुम्ही त्यांना शिकवलंय. तुमच्या शब्दाला मान आहे."

बाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग तिचा हात हातात घेतला. तीन वर्षांत तिचा हात कुणी हातात घेतला नव्हता, त्यामुळे नकार यायच्या आधीच तिचे डोळे भरले.

"तुझ्यासाठी जीव तुटतो गं माझा. पण आमच्या धाकट्याचं बढतीचं चाललंय. आत्ता माझं नाव तिथे गेलं तर... तू समजूतदार आहेस." मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. "तुझ्या सासूबाई काल किती खूश होत्या! मुलगाच भेटला असं त्यांना वाटतंय ना? मग मी नेत जाईन त्यांना रोज. तू कामावर जा बिनघोर. तेवढं तरी करू दे मला."

दोन दिवसांनी ती औषधवाल्या काकांकडे गेली. काकांनी काउंटरवरची गिऱ्हाइकं जाईपर्यंत तिला ताटकळत ठेवलं आणि मग हळूच म्हणाले, "दुकानाचा परवाना सरकारी आहे गं पोरी. तुला काय वाटतं, मला मन नाही?" आणि आईंची गोळ्यांची पाकिटं जास्तीची बांधून दिली. "पण बाई त्यांना रोज नेतात म्हणे सिनेमाला. बरं झालं. म्हातारीला समाधान. खरी भेट काय नि ही काय, शेवटी मनाचं असतं सगळं."

बघता बघता ही सोय गल्लीला फार आवडली. ज्यांनी तीन वर्षांत पाणी विचारलं नव्हतं ते आईंना धरून सभागृहाच्या पायऱ्या चढवू लागले. कुणी गाडी दिली, कुणी स्टुलावर ठेवायला उशी आणली. सिनेमा बघायला नेण्यात कसला आला गुन्हा? सगळे पुण्य पदरात पाडून मोकळे झाले. दोघे मात्र मिळाले नाहीत. कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "अगं, भेट होतेय ना त्यांची!"

पाच-सहा दिवसांनी ती घरी आली तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. ताट तसंच झाकलेलं.

"आई, आज गेला नव्हतात?"

"जाऊन आले." त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. "मी नाही आता जाणार."

"का?"

"तो मला ओळखत नाही गं."

ती त्यांच्या पायाशी बसली.

"रोज विचारतो, कोण आहे तिथे. मी म्हणते, मी आहे, तुझी आई. तो बघतो माझ्याकडे, चांगला टक लावून बघतो, आणि मग तोंड फिरवतो. आधी वाटलं, ऐकू गेलं नसेल. आज ओरडून सांगितलं. तरी पुन्हा तेच, कोण आहे तिथे." आईंचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "गल्लीने ओळख टाकली तेव्हा मी म्हटलं, टाकू देत. पण पोटचा पोर! आपल्यापायी त्याला अजून छळतील म्हणून ओळख देत नसेल का? की रागावलाय? सभेला जाऊ नको म्हणून मीच अडवलं होतं त्याला."

मग तिने सगळं सांगितलं. तो सिनेमा आहे. तो कैदी नट आहे, पैसे घेऊन काम केलंय त्याने. गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची आहे. तो रोज तेच म्हणणार, कारण त्याला तेवढंच पाठ करून दिलंय. त्याला तुम्ही दिसत नाही, आई, कुणीच दिसत नाही. तिने त्या मुलीलाही बोलावून आणलं. मुलीने चष्मा उघडून दाखवला, तारा दाखवल्या, शपथा घेतल्या, आणि शेवटी ती स्वतःच रडू लागली.

आईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुनेच्या गालावरून हात फिरवला.

"किती करशील गं माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "परक्या पोरीलासुद्धा खोटं बोलायला लावलंस."

खरं सांगायला तिने उशीर केला होता, आणि आता खऱ्यावर विश्वास ठेवायचं आईंच्या मनाला जमेना. खरा मुलगा येऊन 'आई' म्हणाला तरच ते शल्य निघणार होतं. बाकी कोणत्याही औषधाचं ते काम नव्हतं.

दाराबाहेर मुलगी म्हणाली, "ताई, मी येते ना खिडकीशी. मी म्हणते, ओळखते."

"तू या गल्लीतली नाहीस गं. चालत नाही."

"आणि तुमच्या गल्लीत एवढी माणसं!"

ती आत वळली आणि तिने आईंचं झाकलेलं ताट उचललं.

परवानगीच्या खिडकीशी दोघांना आणायची शेवटची तारीख होती, त्याच दिवशी सिनेमाचा शेवटचा खेळ होता. तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि दारोदार फिरली. घरं बंद. सगळी गल्ली सभागृहात. आज समारोप, बाईंचं भाषण.

ती आत शिरली तेव्हा लोक स्टुलांवर बसलेले, चष्मे मांडीवर, आणि बाई माइकसमोर. "त्या काळी शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली," बाई सांगत होत्या. त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. "एकाने, नुसत्या एकाने जरी तोंड उघडलं असतं, तरी एखादं घर वाचलं असतं!"

टाळ्या पडल्या.

"एकाने भागत नाही, बाई. दोघं लागतात," ती मागून म्हणाली.

तिला भाषण येत नव्हतं. तीन वर्षांत एवढ्या माणसांनी एकदम तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पण आता थांबणं शक्य नव्हतं.

"खिडकी पाचला बंद होते. चालत गेलो तरी पोचतो. माझी सासू मरायला टेकलीय. मुलाने आपल्याला ओळखलं नाही, या दुःखात ती चाललीय, आणि माझं ती ऐकत नाही. तो एकदा येऊन आई म्हणाला की झालं. काका, तुमचा मीटर जिन्याखाली आहे. त्याच्यावर तुमची सायकल टेकलेली असते. दर महिन्याला ती उचलून तो बाजूला ठेवायचा आणि जाताना होती तशी लावून जायचा. बाई, तुमच्या मीटरची काच फुटली तेव्हा स्वतःच्या खिशातून नवीन आणली त्याने, तुम्हाला दंड नको म्हणून. तुमच्याच मुलांच्या पाण्यासाठी तो बोलला होता. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, आत्ता वाजवल्या तशाच." ती एक पाऊल पुढे आली. "नसेल यायचं तर निदान तसं तरी म्हणा. कुणीतरी उठून एकदा तोंडाने म्हणा, की आम्ही त्याला ओळखत नाही. मी निघून जाते."

कुणी म्हणालं नाही. पंखे फिरत होते. काकांनी घसा खाकरला, लोकांनी आशेने त्यांच्याकडे पाहिलं, पण ते नुसतंच घसा खाकरणं होतं. मागच्या रांगेतली एक जण शेजारणीच्या कानाशी लागली आणि पुन्हा सरळ बसली. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्या माइकपासून मागे झाल्या, आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या, मांडीवर चष्मा घेतला आणि डोळ्यांवर चढवला.

मग काकांनी चढवला. मग त्यांच्या पलीकडच्याने, मग त्याच्या बायकोने. पट्टे आवळल्याचे आवाज रांगेरांगेने मागे येत गेले. थोड्याच वेळात सभागृहात एकही उघडा चेहरा उरला नाही. सिनेमा अजून सुरूही झाला नव्हता. ती परगावची मुलगी भिंतीशी उभी होती आणि तिचा हात बटणाकडे जात नव्हता. अंधाराकडे बघत सगळी गल्ली गुपचूप बसून राहिली.

ती एकटीच खिडकीशी गेली. एकट्याचं ते काम नव्हे हे तिला ठाऊक होतं, पण घरी जाऊन आईंना काय सांगणार, म्हणून पाय तिकडेच वळले. खिडकीतला कारकून काही वाईट माणूस नव्हता. तिला तो आता चेहऱ्याने ओळखत होता. त्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"दोघे कुठे आहेत?"

"सिनेमा बघतायत," ती म्हणाली. "तुरुंगाचा."

"हो का? मीही पाहिला परवा." त्याने घड्याळाकडे नजर टाकली आणि खिडकीच्या कडीला हात घातला. "फार रडवतो हो," तो म्हणाला, आणि त्याने खिडकी ओढून घेतली.